ऐरावताची चार इंजिनं

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, भिंतीला टेकायची घाई करू नका. भिंत कुठं जात नाही, झोप मात्र लगेच येते.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. सोपा आहे. पंगत बसलीय. एक गडी जेवतोय, जेवतोय, उठायचं नाव नाही. पानात वाढलं की संपवतो, संपवलं की पुन्हा वाढलं जातंय. शेवटी तो आडवा पडतो आणि सगळे म्हणतात, "काय खादाड माणूस हो!" बरोबर? तर मला सांगा – दोष कुणाचा? खाणाऱ्याचा, की वाढणाऱ्याचा?

तुम्ही म्हणाल, खाणाऱ्याचा. अहो, त्याला नको म्हणता येत होतं की. बरं. पण ज्याला तोंडच उघडता येत नाही, नको म्हणताच येत नाही, जे पानात पडेल ते गिळावंच लागतं, अशा बिचाऱ्याचं काय? आता विचारात पडलात. पडा. तेवढ्यात आमचे मृदंगवाले पान लावून घेतील.

पोटासी कां बोल, लाविसी गा मूढा,
वाढी जो एवढा, त्यासी पूस.

ही ओळ कुणा थोरामोठ्याची नाही, मंडळी, माझीच आहे. येताना एसटीत जुळली. तेव्हा मानायची की नाही, ते आख्यान ऐकून ठरवा.

तर ऐका. घाटमाथ्यावर करंजदरा नावाचं गाव. वर डोंगर, खाली दरी, मधे चिकटलेली घरं. गावात म्हशी उदंड, दूध उदंड, रस्ता मात्र नावाला. बाजार, दवाखाना, डेअरी, पेट्रोल पंप, सगळं घाटाच्या पायथ्याला, पेठेत. आणि पेठेतून वर येणारं वाहन एकच – हैबतराव ढमढेऱ्यांचा ट्रक.

हैबतराव म्हणजे कसे? एके काळचे पैलवान. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. मिशा अशा की आधी मिशा दारातून यायच्या, मग हैबतराव. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मनानं सोनं, पण चालणं, बोलणं, जेवणं, हसणं, सगळं जोरात. हळू हा शब्द त्यांच्या घरात फक्त शेवंताबाईंना माहीत. शेवंताबाई म्हणजे त्यांची पत्नी. बाई बोलायची थोडं, पण बोलली की लक्षात राहायचं.

आणि ट्रक? लष्कराच्या लिलावातून घेतलेला, हिरवा, उंच, लोखंडाचा नुसता ढीग. पुढची चाकं ओढायची, मागचीही ओढायची. चिखल असो, ओढा असो, दगड असो, चढला म्हणजे चढलाच. हैबतरावांनी त्याचं नाव ठेवलं ऐरावत. नाव शोभायचं. हत्तीसारखा चालायचा, आणि मंडळी, हत्तीसारखाच प्यायचा.

मूळचं इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडरचं. म्हणजे प्यायला सहा तोंडं. कुणी विचारलं, "अण्णा, लिटरला किती देतो?" की हैबतराव म्हणायचे, "देतो? बाबा रे, हा फक्त घेतो."

पेठेत टाकी भरून वर यावं, तर टाकी कोरडी. मग पुढच्या खेपेला खाली जायला पेट्रोल कुठनं आणायचं? म्हणून हौद्यात पेट्रोलचे कॅन. कॅन ठेवले की दुधाच्या किटल्यांना जागा कमी. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्यानं पारावर बसून विचारलं, "हैबत, हा ट्रक खाली कशाला जातो रं?"

"पेट्रोल आणायला."

"आणि पेट्रोल कशाला लागतं?"

"खाली जायला."

म्हाताऱ्यानं तंबाखू मळून तोंडात टाकली. म्हणाला, "मग दोघं घरीच बसा की."

हसताय? आपलंही असंच असतं, मंडळी. नोकरी कशाला? कपडे घ्यायला. कपडे कशाला? नोकरीवर जायला. असो, तिकडं नको वळूया, समोर सगळे नोकरदार बसलेत.

तर हैबतरावांना हे चालत होतं. जग हसतंय, हसू दे. पण पुढं काय झालं? लेकीचं लग्न निघालं.

लेकीचं नाव रंजना. एकुलती एक. नवरा मुलगा पेठेतला, दत्तू काळोख्या, शाळेत चित्रकला शिकवायचा. अंगानं हलका, आवाजानं त्याहून हलका. लग्न करंजदऱ्यात. वऱ्हाड पेठेतून वर आणायचं, अर्थात ऐरावतात. माणसं मावावीत म्हणून हैबतरावांनी पेट्रोलचे कॅन उतरवून ठेवले. आणि वऱ्हाडाला ट्रकची ताकद दाखवावी म्हणून घाटाला लागल्यापासून असा दाबला, असा दाबला, की वऱ्हाडातल्या बायकांनी एकमेकींच्या गळ्यात हात घातले. विहीणबाई म्हणतायत, "व्याही, जरा सावकाश." व्याही म्हणतायत, "काळजी सोडा, ऐरावत आहे."

आणि निम्म्या घाटात ऐरावत थांबला. टाकी कोरडी.

मंडळी, ते चित्र डोळ्यांपुढं आणा. भर दुपार. नवरदेव फेटा बांधलेला, कपाळाला मुंडावळ्या, आणि ट्रकला मागून धक्का मारतोय. ट्रक हलतोय का? तो बारका मास्तर धक्का मारायचा आणि स्वतःच मागं सरकायचा. शेवटी गावातले तालमीतले चार गडी धावत खाली आले आणि त्यांनी नवरदेवाला खांद्यावर घेतला. वर मांडवात भटजींनी मंगलाष्टकं ताणली. गणपतीपासून सुरुवात केली, सगळ्या नद्या घेतल्या, सगळे डोंगर घेतले. नद्या संपल्या तेव्हा ओढे घेतले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, तेव्हा कुठं नवरदेव येऊन टेकला. धापा टाकतोय, तांदूळ अंगावर पडतायत, आणि बायकोकडं बघून पहिला शब्द काय बोलला? "पाणी."

लग्न लागलं. पण हैबतरावांच्या मनाला लागलं. पाठवणीच्या वेळी विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "पोरीला आणायला येताना, व्याही, बैलगाडी पाठवलीत तरी चालेल." बस. पैलवान माणूस, रस्त्यात आडवा पडला असता तरी चाललं असतं, पण हे वाक्य पचेना. दुसऱ्याच दिवशी ऐरावताच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "खादाडा, लेकीच्या लग्नात माझी लाज काढलीस. आता तुझं पोटच बदलतो."

शेवंताबाई अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, "त्याचं पोट बदला. पण चालवणार कोण?"

"म्हणजे? मीच."

"बरं," म्हणाल्या, आणि झाडत राहिल्या.

पेठेत इमाम मिस्त्रींचं गॅरेज होतं. भला माणूस. गिऱ्हाईक सांगेल ते करायचे, पण आधी खरं काय ते सांगायचे, आणि मग गिऱ्हाइकानं ऐकलं नाही की मान हलवून कामाला लागायचे. हैबतराव म्हणाले, "इमामभाई, कमी पिणारं इंजिन पाहिजे. सगळ्यात कमी."

इमामभाई म्हणाले, "अण्णा, कमी पिणारं म्हणजे लहान. एका बारक्या मोटारीचं आहे माझ्याकडं. पण ती मोटार चार माणसं घेऊन डांबरी रस्त्यावर जाते. तुमचा ट्रक चार म्हशी घेऊन डोंगर चढतो."

"पितं किती?"

"मोटारीत असताना? चिमणीएवढं."

"बसव चिमणी."

बसवली. बॉनेटखाली एवढी जागा रिकामी राहिली, की आत एक माणूस निवांत विडी ओढत बसला असता. पेठेतल्या सपाट रस्त्यावर फेरी मारली. झकास. हैबतराव इमामभाईंच्या पाठीवर थाप मारून निघाले. थाप पैलवानाची, इमामभाई दोन दिवस वाकून चालत होते.

मग घाट लागला.

काय सांगू, मंडळी. पहिला गिअर. दुसरा पडतच नाही. इंजिन असं किंचाळतंय की दरीतली माकडं झाडाच्या शेंड्याला गेली. पेडल तळापर्यंत दाबलेलं, आणि ट्रक मुंगीसारखा सरकतोय. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका मागून आल्या, ट्रकच्या बरोबरीनं चालल्या, आणि पुढं निघून गेल्या. जाताना एक म्हणाली, "अण्णा, तुमची मोळी घेऊ का?"

वर पोचल्यावर टाकी बघितली, तर जुन्या इंजिनापेक्षा जास्त पेट्रोल गेलेलं. का? अहो, लहान पोराच्या डोक्यावर धान्याचं पोतं दिलं तर ते धापा टाकणारच ना? दर पावलाला धाप, दर धापेला पेट्रोल. चिमणी खरी, पण हत्तीचं काम करायला लावलं तर ती हत्तीच्या वरताण खाते.

हैबतराव म्हणाले, "ह्यात दम नाही. मोठं पाहिजे."

बघा हं. पहिलं मोठं होतं म्हणून लहान घेतलं, लहान घेतलं म्हणून आता मोठं. पुन्हा इमामभाई. मोडीत निघालेल्या एका बसचं डिझेल इंजिन भंगारात पडलं होतं. अजस्र. इमामभाई म्हणाले, "अण्णा, डिझेल आपल्या कामाला बरं. ओढ जास्त, पिणं कमी. पण हे फार जड आहे, आणि गरजेपेक्षा फार तगडं आहे. मधलं काही तरी बघूया."

"मधलं?" हैबतराव म्हणाले. "मी आयुष्यात मधलं काही केलेलं नाही."

बसवलं. बॉनेट मावेना, तर बॉनेटच काढून टाकलं. ट्रकचं नाक खाली झुकलं, मागची बाजू वर. लांबून बघितलं तर ऐरावत कुणाला तरी नमस्कार करतोय असं वाटायचं. पण ओढायचा, मंडळी! घाट म्हणजे त्याला उंबरठा.

आता काय व्हायला पाहिजे होतं? डिझेलचं इंजिन, तगडं, आरामात ओढणारं. खर्च कमी व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही असता. पण ताकद आली की माणसाला कामं सुचतात. हैबतराव कुणाचे दगड नेऊ लागले, कुणाची वाळू. शेजारच्या गावाचा बँड फुकट पोचवला. एकदा तर नुसतं दाखवायला म्हणून तालमीतल्या सगळ्या पैलवानांना घेऊन घाट चढून आले. आणि वेग तर विचारू नका. वळण आलं की प्रवासी देवाचं नाव घ्यायचे. आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षं घसा कोरडा करतो, पण लोक नाम घेत नाहीत. हैबतरावांनी एका वळणात घ्यायला लावलं.

महिन्याभरात डेअरीच्या चेअरमनांनी बोलावून घेतलं. किटलीचं झाकण उघडून दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, "हैबतराव, हे काय आहे?"

"दूध."

"नीट बघा."

वर लोण्याचा गोळा तरंगत होता. घाटातल्या वेगानं आणि आदळण्यानं सगळं दूध वाटेतच घुसळलं गेलं होतं. चेअरमन म्हणाले, "आम्ही दूध घेतो. लोणी काढायचं काम आमचं आहे, ते तुम्ही रस्त्यात का करताय?"

आणि टाकी? पुन्हा कोरडी. हैबतराव घरी येऊन ओसरीवर बसले. "शेवंते, ह्या ट्रकाला शाप आहे. काहीही बसवा, पितो तेवढाच."

शेवंताबाई म्हणाल्या, "येत्या खेपेला मी येते बरोबर. इमामभाई काय म्हणतात ते मलाही ऐकू द्या."

गेली दोघं. इमामभाईंनी ह्या वेळी आपल्या मनाचं दाखवलं. एका लहान मालट्रकमधलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. ना चिमणी, ना राक्षस. म्हणाले, "अण्णा, वहिनी, हे हळू फिरतं, पण धरलं की सोडत नाही. खालच्या आवाजातच ह्याची खरी ओढ आहे. आवाज चढवलात की जोर वाढत नाही, नुसतं डिझेल जातं. ह्याला घाई चालत नाही."

हैबतराव ऐकत होते का? ते आरशात मिशा बघत होते. शेवंताबाई ऐकत होत्या.

इंजिन बसलं, बॉनेट परत बसलं, ट्रकचं नाक वर आलं. पण एक घोटाळा झाला. आवाज. जुना ऐरावत गर्जना करायचा. हा डुगडुग, डुगडुग. पहिल्या दिवशी ट्रक गावात शिरला तर काय झालं? दोन बायका दळणाचे डबे घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, गिरणी चालू झाली. एकीनं तर ज्वारीचा डबा फळीवर ठेवलाच. म्हणाली, "अण्णा, बारीक दळा."

पैलवानाच्या काळजात कट्यार घुसली. गावभर नाव पडलं, ढमढेऱ्यांची गिरणी. मग हैबतराव काय करायचे? आवाज मोठा व्हावा म्हणून उभ्या उभ्या पेडल दाबायचे. चढावर दाबायचे, सपाटीला दाबायचे, थांबलेलं असताना तर जास्तच दाबायचे. काळा धूर निघायचा, आणि टाकी पुन्हा आपली लवकर तळाला. अण्णांनी जाहीर केलं, "आता भंगारवाल्यालाच देतो. चार इंजिनं झाली. ह्याची भूकच वाईट."

मृदंगवाले, एक थाप द्या. ह्यापुढं जरा नीट ऐका, कारण इथून पुढं हसण्यासारखं थोडं कमी आहे.

त्या वर्षी रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावण लागला. पावसानं असा जोर धरला, की घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. वीज गेली. वरचं वर, खालचं खाली. दोन-तीन दिवस असे गेले, आणि एका सकाळी रंजनाला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. गावातली जाणती सुईण आली, बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "अण्णा, बाळ आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. दवाखान्यात न्या. आत्ता."

घाट बंद. मग दुसरी वाट कोणती? डोंगराच्या मागच्या अंगानं, देवराईतून उतरणारी जंगलखात्याची कच्ची वाट. अंतर घाटाच्या तिप्पट. चिखल, ओढे, चढ-उतार. तिथनं दुसरं कुठलंच वाहन जाऊ शकलं नसतं, ऐरावत जाऊ शकला असता. हैबतरावांनी टाकीत काठी घालून बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. काठीचं टोक तेवढं ओलं होतं. गावात डिझेलचा थेंब नाही. पंप खाली, पेठेत.

मंडळी, ज्या माणसाला आयुष्यात कधी काही कमी पडतंय असं वाटलं नव्हतं, तो माणूस भर पावसात ट्रकपाशी उभा राहून तीच काठी पुन्हा पुन्हा टाकीत घालून बघत होता.

"शेवंते, एवढ्यावर घाटसुद्धा उतरणं अवघड. मागची वाट कशी व्हायची?"

शेवंताबाई रंजनाला गोधडीत गुंडाळून, धरून बाहेर आणत होत्या. म्हणाल्या, "चढवा तिला. बायामाणसांनी मागं बसा, धरून ठेवा. मी पुढं बसते."

हैबतराव सीटवर बसले. पायात ते लिलावातले लष्करी बूट, एकेक बूट एकेका पाटीएवढा. शेवंताबाई म्हणाल्या, "बूट काढा."

"काय?"

"बूट काढा. देवळात जाताना काढता ना? तसे काढा. त्या बुटातनं तुम्हाला काही कळत नाही. पायाखाली पेडल आहे का मेलेला बैल, ते तुमच्या पायाला कळायला पाहिजे."

वाद घालायची ती वेळ नव्हती. बूट काढले. अनवाणी पाय पेडलवर ठेवला. थंडगार लोखंड. इतकी वर्षं गाडी चालवली, पण पेडल पायाला पहिल्यांदा लागलं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "इमामभाई काय म्हणाले ते मी ऐकलंय. आवाज चढला की मी तुमच्या मांडीवर हात ठेवीन. हात पडला की पाय उचलायचा."

निघाला ऐरावत. डुगडुग, डुगडुग.

देवराईत शिरले. पहिला चढ आला. सवयीनं पाय दाबला गेला, आणि मांडीवर हात पडला. पाय उचलला. हैबतरावांना वाटलं, आता बंद पडणार. पण मंडळी, नाही पडला. चारी चाकांचा जोर, खालचा गिअर, खालचा आवाज, आणि ट्रक म्हशीसारखा संथ, मान खाली घालून, चिखल तुडवत चढू लागला. चढ संपला. उतार लागला. "आता पाय काढाच," शेवंताबाई म्हणाल्या. "उताराला कशाला पाजताय? तो आपला आपण जातोय." गिअरमध्येच ठेवून पाय काढला. ट्रक उतरू लागला.

ओढा आला, पार झाला. पुन्हा चढ. आणि तिथं मागनं रंजना कळवळून ओरडली, "अण्णा, जोरात चला हो. अण्णा, लवकर."

आता सांगा. बापाच्या पायाला काय होत असेल? मागं लेक तडफडतेय. पायाखाली पेडल आहे. आयुष्यभर एकच विद्या येते, जोरात दाबायची. आणि आज दाबलं तर रानातच टाकी संपणार, लेक रानातच राहणार. म्हणजे जिच्यासाठी दाबायचं, तिच्यासाठीच दाबायचं नाही. हैबतरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मागं बसलेल्या कुणाला कळलं नाही, पण मिशा ओल्या झाल्या त्या पावसानं नाही, पावसाला आत यायला जागा नव्हती. ते नुसते म्हणत होते, "येतोय गं बाई, पोचतोय. हळूच पोचतोय." आणि पाय? पाय फुलावर ठेवावा तसा ठेवलेला.

ह्या वेळी मांडीवर हात पडला नाही. शेवंताबाईंनी बघितलं, आणि हात आपल्या पदराखाली घेतला.

दुपार कलायच्या आत ऐरावत पेठेत उतरला. पंपावरची माणसं सवयीनं नळी घेऊन पुढं आली. आजवर हा ट्रक पंप ओलांडून कधी गेलेला नव्हता. हैबतरावांनी काचेतनं हात हलवला आणि पुढं निघून गेले. नळी धरलेला माणूस तसाच उभा राहिला. लोक म्हणतात, तो पुढं कितीतरी वेळ तसाच उभा होता. एवढं खरं नसावं, पण मला सांगायला आवडतं.

डॉक्टरीणबाई दवाखान्यातच होत्या. रंजनाला आत नेलं. दत्तू काळोख्या शाळेतून धावत आला, हाताला रंग लागलेला, तोच कपाळाला पुसलेला. सासऱ्याला म्हणाला, "मामा, धक्का मारावा लागला का?"

"नाही, जावईबापू," हैबतराव म्हणाले. "आज नाही."

बऱ्याच वेळानं आतनं रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. आवाज असा खणखणीत, की दत्तूनं घाबरून सासूला विचारलं, "हे असंच असतं का?" शेवंताबाई म्हणाल्या, "ढमढेऱ्यांच्या घरात असंच असतं." बाळ-बाळंतीण सुखरूप. विहीणबाई आल्या, नात मांडीवर घेतली, आणि व्याह्यांना म्हणाल्या, "बैलगाडीचं बोलले ते विसरा." हैबतराव म्हणाले, "विसरलो होतो." धादांत खोटं. पण अशा वेळी चालतं.

इमामभाईही आले होते. त्यांनी टाकीत काठी घालून बघितली. टोक अजून ओलं होतं. काठी हैबतरावांच्या हातात दिली आणि चहा सांगायला गेले.

हैबतराव दवाखान्याच्या पायरीवर बसले, अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. शेवंताबाई शेजारी येऊन बसल्या. हैबतराव त्या ट्रककडं बघत बघत म्हणाले, "शेवंते, इतकी वर्षं मी ह्याला खादाड म्हणत होतो. लग्नात लाज काढली म्हणून शिव्या दिल्या. भंगारात घालणार होतो."

शेवंताबाई म्हणाल्या, "त्याला कुठं तोंड दिलंय देवानं, नको म्हणायला? तुम्ही पाजलं, तो प्यायला."

"मग एवढ्या वर्षांत तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. गाडीचा आवाज फार होता."

मंडळी, ह्यावर हैबतराव असे हसले, की दवाखान्यातून परिचारिका बाहेर आली आणि त्यांना गप्प बसायला सांगून गेली. आणि नवल बघा, ते गप्प बसले.

पुढं ऐरावत पुष्कळ वर्षं चालला. तेच इंजिन, तीच डुगडुग. दूध दूध म्हणूनच पोचू लागलं. गावातल्या बायका आवाज आला की अजून म्हणायच्या, गिरणी आली. हैबतराव हात जोडून म्हणायचे, "आणा डबा, बारीक दळून देतो."

आता प्रश्नाकडं या. दोष कुणाचा? इंजिनाचा होता का? थोडा होता, खोटं कशाला बोलू. चिमणीला हत्तीचं ओझं द्यायचं नाही, आणि दूध वाहायला राक्षस जुंपायचा नाही. ज्याचं काम जेवढं, त्याला पोट तेवढं असावं. इमामभाईंनी ते नीट निवडून दिलं, म्हणून टोकभर डिझेलवर एवढी वाट झाली. पण तेच इंजिन आदल्या आठवड्यातही होतं की. तेव्हा टाकी का पुरत नव्हती? पाजणारा पाय तेव्हा बुटात होता म्हणून.

आणि तुम्ही पोट धरून हैबतरावांना हसलात. हसा. पण समोरच्या ओळीतल्या पाटलांनी मला सांगावं, मागच्या दिवाळीत फोन बदललात, का? तर वेळ फार खातो. नवा वेळ कमी खातो का? इकडं सासूबाई म्हणतात, सून उलट बोलते. सून म्हणते, सासूचा स्वभावच वाईट. पोराला शाळा बदलून बघितली, वैद्य बदलून बघितला, घराचं दार पूर्वेचं पश्चिमेला केलं. सगळी इंजिनं बदलून झाली. घरातला धूर कमी झाला का?

नाही झाला ना? मग एवढंच करा. उद्या सकाळी घरात आवाज चढला, की समोरच्याकडं बघू नका. खाली बघा. पेडलवर कुणाचा पाय आहे, तेवढं बघा. आणि शेजारी कुणी मांडीवर हात ठेवत असेल, तर तो हात झटकू नका. असा हात प्रत्येकाच्या नशिबात नसतो.

चला, उभे राहा. देवाचं नाव घेऊया. टाळकरी, सुरुवात करा. पण मंडळी, ऊर फुटेस्तोवर ओरडू नका. खालच्या आवाजात घ्या. वाट लांबची आहे.